चार शब्दांचं कुलूप

उनाइसी रावुदीचा माणसांवर विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट तिने कधी कुणापासून लपवलीही नाही. नातोबाच्या धक्क्यावर मासे घेतले की ती तिथेच एकदा मोजायची, वाटेत नारळाखाली थांबून दुसऱ्यांदा, आणि घराच्या दारात तिसऱ्यांदा. चर्चमध्ये बसायची ती शेवटच्या बाकावर, पाठ भिंतीला टेकवून. प्रार्थनेला सगळं गाव डोळे मिटायचं तेव्हा हिचा एक डोळा उघडाच. पाळकांनी, बेटावरच्या भाषेत तलातलांनी, एकदा हटकलं तर म्हणाली, "तुम्हाला कसं दिसलं, तलातला? म्हणजे तुमचाही उघडाच होता की!" त्यानंतर पाळकांनी हा विषय काढला नाही.

दोष तिचा एकटीचा नव्हता. एकतीस वर्षं ती नातोबाच्या टपाल कचेरीत रेडिओ-टेलिफोनवर बसली. बेटावरून राजधानीला, सुवाला जाणारा प्रत्येक शब्द तिच्या कानातून गेला. जाळी भरून मासे मिळालेले असताना 'यंदा काहीच नाही' असं भावाला सांगणारे तिने ऐकले. आजारी आईच्या उशाशी बसून, आई जिवंत असतानाच शवपेटीची चौकशी करणारा मुलगाही ऐकला. तीच माणसं मग बाहेर येऊन हसून 'बुला, उनाइसी!' म्हणत नमस्कार करायची. इतकं ऐकल्यावर एखादी बाई भोळी राहिली असती तर तीच नवलाची गोष्ट झाली असती.

तिच्या काथ्याच्या पिशवीत दोरीला ओवलेल्या सात किल्ल्या होत्या. त्यातल्या दोन किल्ल्यांची कुलुपं एका चक्रीवादळात कपाटांसकट समुद्रात गेली होती, तरी किल्ल्या होत्या. खुर्चीवरून उठून पाणी प्यायला गेली आणि परत आली, की ती दोरी बाहेर काढून सातही किल्ल्या मोजायची. आणि मोजायची ती समोरच्या टेबलावर बसणाऱ्या सुरुज बलीच्या देखत. सुरुज नऊ वर्षं ते बघत आला होता. तो काही बोलायचा नाही, फक्त मोजणी संपेपर्यंत हातातलं पेन थांबवायचा.

टपाल कचेरी अठ्ठ्याण्णव साली जिल्हा कचेरीत मिसळली आणि माणसं उरली दोनच. उनाइसी जन्ममृत्यूची नोंदवही बघायची, सुरुज टपालाच्या पिशव्या, शिक्के आणि बाकी सगळं. मग सुवाहून एक कॉम्प्युटर आला आणि नोंदवही त्यात गेली. दर शनिवारी नोंदवहीची नक्कल एका फ्लॉपीवर घालून बोटीने सुवाला पाठवायची, असं ठरलं. दोन हजार साल जवळ आलं होतं आणि मुख्य कचेरीला तेव्हा सगळ्याच गोष्टींची धास्ती वाटत होती. त्यांनी हुकूम काढला, की कॉम्प्युटर उघडायला प्रत्येकाने चार शब्दांचं परवलीचं वाक्य ठेवावं. वाक्यात एकही शब्द दोनदा येता कामा नये. एका शब्दाची अक्षरं उलटसुलट करून दुसरा शब्द बनवलेला चालणार नाही. सोबत एक कोडंही पाठवलं. फ्लॉपीवर शंभर वाक्यं आहेत, त्यांतली किती नियमात बसतात हे मोजणारा प्रोग्राम लिहा. ज्या कचेरीला जमणार नाही तिचा कॉम्प्युटर शेजारच्या बेटाला जाईल.

लेवुकाला तीन दिवसांचं शिक्षण घेऊन आलेली उनाइसी ते कागद घेऊन बसली. वय अठ्ठावन्न. पहिला नियम तिला पाठच होता. तारेला शब्दागणिक पैसे पडायचे तेव्हापासून ती लोकांचे जादा शब्द पेन्सिलीने खोडत आली होती. "लवकर लवकर ये कशाला? एकदाच ये म्हण, तेवढंच येईल तो," असं सांगायची. दुसऱ्या नियमाने तिचे दोन दिवस खाल्ले. मग टपालाचे खण बघता बघता तिला सुचलं. गावोगावची पत्रं आपण अक्षरवारीने खणांत लावतो, तशी प्रत्येक शब्दाची अक्षरंच अक्षरवारीने लावली तर? उलटसुलट केलेले दोन्ही शब्द मग एकाच खणात येऊन पडतील आणि चोरी तिथेच पकडली जाईल. जुन्या तारेच्या फॉर्मांच्या पाठीवर तिने सगळा प्रोग्राम लिहून काढला. शंभरातली एकसष्ट वाक्यं बरोबर निघाली.

सोमवारी सकाळी आठला सगळी बेटं रेडिओवर सुवाशी बोलायची. तेव्हा मुख्य कचेरीच्या मिसेस बोलांनी सगळ्यांच्या देखत सांगितलं, "नातोबाचं उत्तर बरोबर. बाकीच्यांनी उनाइसीकडून शिकावं. ओव्हर." त्या दिवशी उनाइसीने मासे दोनदाच मोजले.

सुरुजचं वाक्य मात्र प्रोग्रामने परत केलं. सुरुजने ते तिच्या देखत, मोठ्याने वाचत टाइप केलं होतं.

"राम राम सीता राम," तो म्हणाला.

"नाही चालत. राम दोनदा आलाय."

"दोनदा कुठे, मरामा?" नऊ वर्षं तो तिला मरामा, म्हणजे बाईसाहेब, म्हणत आला होता. "तीनदा आहे."

"तेच सांगतेय. एकदाच घे."

"एकदा राम म्हणून काय होतं? माझी आजी भारतातून उसाच्या मळ्यात राबायला गिरमिटाच्या जहाजातून हेच म्हणत आली. एकदाच म्हटलं असतं तर वाटेतच बुडाली असती."

"देवाचं देवाजवळ. मशीनला एकच लागतो."

सुरुजने मान हलवली आणि तिच्याकडे पाठ करून दुसरं काहीतरी टाइप केलं. मशीनने ते घेतलं. हा माणूस एका वाक्यासाठी एवढा का अडून बसला, याचा उनाइसी संध्याकाळपर्यंत विचार करत राहिली.

मग तिचं स्वतःचं वाक्य. मेलेल्या नवऱ्याचं नाव घ्यावं तर ते गावाला ठाऊक. भजनाची ओळ घ्यावी तर ती पोरासोरांनाही पाठ. शेवटी तिला पक्कं काहीतरी सापडलं. त्या बाजूच्या प्रत्येक कुळाचं एक झाड असतं, एक मासा, एक पक्षी, आणि चर्च येण्याआधीचा एक जुना देव. हे चार शब्द कुणाच्या देखत उच्चारायचे नाहीत. मुलांनासुद्धा ते खुणेने शिकवतात. तोंडातून चुकून निघाले तर कुळातलेच लोक धरून, कपड्यांसकट समुद्रात नेऊन बुचकळतात. ते शब्द इथेही लिहून चालणार नाही, कारण हे सांगणाऱ्यालाही त्याच बेटावर राहायचं आहे. उनाइसीने विचार केला, जे कधी बोललंच जात नाही ते कुणी चोरून ऐकणार कसं? तिने चार शब्द टाइप केले. तिच्याच प्रोग्रामने 'योग्य' असं उत्तर दिलं. त्या रात्री तिला फार छान झोप लागली.

ऑगस्टमधल्या एका बुधवारी सकाळी तिने कॉम्प्युटरवर नोंदवही उघडली.

आदल्या दिवशीच्या तारखेला एक जन्म लिहिलेला होता. मुलगी. गाव नातोबा. नाव उनाइसी. बापाच्या जागी काही नाही, आईच्या जागी काही नाही. वेळ दुपारी बारा पन्नास, आणि नोंद करणारी व्यक्ती उनाइसी रावुदी. बेटावर कुणाला दिवस गेलेत हे नवऱ्यांच्या आधी उनाइसीला कळायचं. त्या आठवड्यात नातोबात एकही मूल जन्मलं नव्हतं. बारा पन्नासला तर ती घरी कसावा खात होती.

खोटं मूल सरकारी वहीत घालणं म्हणजे गंमत नव्हे. वहीतलं मूल मोठं होतं, कुळाच्या यादीत चढतं, मग जमिनीत वाटा मागतं. हे कुणी केलं? मंगळवारी दुपारी कचेरीत दोनच माणसं होती. एक सेकोवे सुतार, जो चार दिवस खिडक्यांच्या काचपट्ट्या बसवत होता. दुसरा सुरुज. सेकोवे तिचा तौवू, म्हणजे दोघांच्या गावांचा मूळ देव एकच. तौवूने तौवूला वाट्टेल ती शिवी द्यावी, त्याच्या ताटातला घास उचलावा, कुणी ब्र काढत नाही. घरच्यासारखाच तो. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या उनाइसीच्या मनात सेकोवेचं नाव आलंसुद्धा नाही, आणि याचा मला आजही राग येतो. तिचा संशय सरळ समोरच्या टेबलावर जाऊन बसला.

सुरुजच्या आजोबांनी भाड्याने घेतलेली सहा एकर जमीन पुढच्या वर्षी मालकांकडे परत जाणार होती. पट्टा वाढवून मिळायची चिन्हं नव्हती. जिथे तो जन्मला, जिथे त्याच्या गाई बांधलेल्या होत्या, ते घरही त्याच जमिनीवर. ज्याच्या पायाखालची जमीन चाललीय तो काय वाटेल ते करील, असं उनाइसीने ठरवलं. खोट्या मुलीने त्याचा फायदा काय होणार, हे काही तिला जुळवता येईना. पण तेवढ्याने तिचा संशय अडला नाही. नऊ वर्षं हा गप्प का बसतो? किल्ल्या मोजताना पेन का थांबवतो? एकेक गोष्ट आठवून आठवून तिने त्याच्या गळ्यात घातली.

विचारलं मात्र नाही. चार दिवस त्याच्याशी बोललीही नाही. शुक्रवारी तिने मुख्य कचेरीला पत्र लिहिलं. माझं वाक्य कुणाला ठाऊक असणं शक्य नाही, सुरुज बलीने मागे उभं राहून ते चोरलं असावं, त्याला कामावरून दूर करावं. पाकीट चिकटवलं आणि चारी बाजूंनी वर चिकटपट्टी लावली. शनिवारी सुरुजने टपालाची पिशवी भरायला घेतली तेव्हा ते पाकीट त्याच्याच हातात द्यावं लागलं. त्याने वरचं नाव वाचलं, 'खाजगी' हा शब्द वाचला, चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला. मग पाकीट पिशवीत टाकून तोंड बांधलं, शिक्का मारला आणि पिशवी खांद्यावर घेऊन तो धक्क्याकडे गेला. खिडकीतून ती बोटीचा दोर सुटेपर्यंत बघत राहिली.

रविवारी चर्च सुटल्यावर जमिनीतल्या भट्टीतून डुकराचं मांस आणि दालोचे कंद निघाले. सगळे चटयांवर बसले. सेकोवे यंगोनाची, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या पेयाची, वाटी रिकामी करून तिच्यासमोर आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "ही बया अजून हसली कशी नाही? पाच दिवस वाट बघतोय मी!"

"कशाला हसू तुझ्या थोबाडाला?"

"अगं, तुझ्या नावाची पोर झालीय मला! मंगळवारी. गुबगुबीत, गुलाबी, आणि तुझ्यासारखंच नाक वर करून सगळ्यांवर संशय घेते!"

बायका आधीच तोंडावर हात धरून होत्या. त्यांना ठाऊक होतं. सेकोवेच्या डुकरिणीला मंगळवारी सहा पिल्लं झाली होती, त्यातल्या एकीचं नाव त्याने उनाइसी ठेवलं होतं.

"नुसतं नाव नाही ठेवलं," सेकोवे म्हणाला. "सरकारी वहीत नोंदसुद्धा केलीय. तू जेवायला गेलीस, मी बसलो तुझ्या खुर्चीत."

चटईवर हशा उसळला. उनाइसीच्या हातातला दालो तसाच राहिला.

"वाक्य कुठून मिळालं तुला?" तिने विचारलं. आवाज अगदी खाली गेला होता.

"तुझं वाक्य?" सेकोवेला खरंच नवल वाटलं. "माझंही तेच ना ते! तुझं झाड ते माझं झाड, तुझा देव तो माझा देव. तू दुसरं ठेवणार तरी काय? पहिल्याच फटक्याला उघडलं. कुळातलं शेंबडं पोरही उघडेल."

उनाइसी उठली. घरून यंगोनाच्या मुळ्यांची एक जुडी घेतली, कारण माफी मागायला रिकाम्या हाताने जात नाहीत, आणि टेकडीमागच्या सुरुजच्या घरी गेली. तो गाईला दावणीला बांधत होता. त्याची बायको चुलीपाशी अळूच्या पानांची सैना, अळूवडीसारखीच, वाफवत होती. तिने उनाइसीला बघून पाट सरकवला, पण उनाइसी बसली नाही.

"सुरुज, ती नोंद सेकोवेची होती."

"हो."

"हो म्हणजे? तुला ठाऊक होतं?"

"मी जेवून आलो तेव्हा तो तुमच्या खुर्चीत होता. हसत होता. मला वाटलं, तुमचा तौवू आहे, हक्क असेल. तुमच्यात काय चालतं त्यात मी कशाला पडू?"

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं का, मरामा?" त्याने गाठ आवळली. "विचारलं असतं तर सांगितलं असतं."

जुडी तिने ओट्यावर ठेवली. "ते पाकीट," ती म्हणाली, "त्यात काय होतं माहितीये?"

"चार दिवस तुम्ही बोलत नव्हता. वर मुख्य कचेरीचं नाव. चारी बाजूंनी पट्टी. मी काय लहान आहे?"

"आणि तरी तू ते बोटीवर चढवलंस?"

सुरुजने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघितलं. "पिशवीत टाकलेलं पत्र माझ्या मालकीचं नसतं," तो म्हणाला. "एकतीस वर्षं टपालात काढलेल्या बाईने मला हे विचारावं?"

चुलीपाशी त्याच्या बायकोचा हात थांबला. तिला बहुतेक यातलं काहीच ठाऊक नव्हतं. उनाइसी वाट दिसेल तशी घरी आली. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःचीच किळस आली होती.

सोमवारी आठला कचेरीचा व्हरांडा नेहमीसारखा भरला होता. कुणाला सुवाला निरोप द्यायचा होता, कुणाला नुसतं ऐकायचं होतं. सेकोवे खांबाला टेकून उभा होता. सुरुज आपल्या टेबलावर. उनाइसीने सुवाला हाक दिली.

"उनाइसी, तुझं पत्र आत्ताच फोडलं," मिसेस बोलांचा आवाज खरखरत आला. "फार गंभीर आहे. सुरुज बलीला आजपासूनच थांबव. ओव्हर."

व्हरांड्यावर कुजबुज उठली आणि विरली. सुरुजने पेन खाली ठेवलं.

"पत्र चुकीचं आहे. चूक माझी आहे. नोंद सेकोवे सुताराने केली, गंमत म्हणून. तो स्वतः कबूल करतोय. ओव्हर."

"सेकोवे कोण तुझा? ओव्हर."

"तौवू. ओव्हर."

"मग तो तुझ्यासाठी काय वाटेल ते कबूल करील. शुक्रवारी लिहितेस, वाक्य कुणालाच ठाऊक असणं शक्य नाही. सोमवारी म्हणतेस सुताराला ठाऊक होतं. कुणी दम दिलाय का तुला? त्या सुरुजने? ओव्हर."

उनाइसीने डोळे मिटले. एकतीस वर्षं ती जसं बोलत आली होती, अगदी तसंच ती बाई बोलत होती.

"कुणी दम दिला नाही. ते वाक्य माझ्या कुळातल्या कुणालाही ओळखता आलं असतं. मी वेडी, मला सुचलं नाही. ओव्हर."

"असं कुठलं वाक्य ते? सांग मला. ऐकते आणि मग ठरवते. नाहीतर सुरुज बली आज घरी जाईल. ओव्हर."

बारा बेटांवर रेडिओ चालू होते. व्हरांड्यात तिच्या चुलतबहिणी होत्या, भाचे होते, दोन म्हाताऱ्या मावशा होत्या. उनाइसीने मान वळवून सुरुजकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. टेबलाच्या खणातून आपला चष्मा आणि जेवणाचा डबा काढून तो पिशवीत भरत होता.

तिने बटण दाबलं आणि झाडाचं नाव घेतलं. मग माशाचं. नंतर पक्ष्याचं. शेवटी देवाचं. चारही शब्द, एकामागून एक, सावकाश, तार वाचून दाखवावी तसे. "ओव्हर," ती म्हणाली.

रेडिओ नुसताच खरखरत राहिला.

"अगं बाई," मिसेस बोला शेवटी म्हणाल्या. "हे? हे तर मी सुवात बसून ओळखलं असतं! आणि तुझ्या प्रोग्रामने हे पास केलं? ओव्हर."

"केलं. त्यात एकही शब्द दोनदा नाही. ओव्हर."

"सुरुज बली कामावर राहील. पत्र मी फाडतेय. तो सुतार पुन्हा कचेरीत दिसता कामा नये. आणि तू नवं वाक्य ठेव, देवासाठी तरी. ओव्हर अँड आउट."

पहिली ओरडली ती थोरली मावशी. मग सगळेच. चार शब्द, तेही बारा बेटांना ऐकवून! मावशांनी दंड धरले, चुलतबहिणींनी कंबर, सेकोवे टाळ्या पिटत पुढे. उनाइसी म्हणाली, "थांबा, थांबा जरा," आणि खांद्यावरची काथ्याची पिशवी काढून तिने सुरुजच्या टेबलावर ठेवली. मग स्वतःच पायऱ्या उतरून गेली.

तिला तीनदा बुचकळलं. तिसऱ्यांदा वर आली तेव्हा ती हसत होती, की रडत होती, ते खाऱ्या पाण्यामुळे कळलं नाही.

ओल्या कपड्यांनी पाणी ठिबकवत ती कचेरीत परत आली. डबा पुन्हा खणात गेला होता. सुरुजने तिची पिशवी तिच्यापुढे सरकवली. तिने ती उचलली आणि न उघडताच खांद्याला लावली. तेवढं तरी आपण करावं, असं तिला वाटलं होतं.

"किल्ल्या मोजा, मरामा," सुरुज म्हणाला.

"राहू दे, सुरुज."

"नको. मोजा. माझ्यासमोर मोजा. उद्या एखादी कमी निघाली तर मी काय करू?"

तो चिडून बोलत नव्हता. नुसतं वाट बघत उभा होता. उनाइसीने दोरी बाहेर काढली आणि ओल्या बोटांनी एकेक किल्ली सरकवत मोठ्याने मोजायला लागली. सुरुजने पेन उचललं नाही. सातवी मोजून होईपर्यंत तो तसाच उभा राहिला, आणि मग टपालाची पिशवी उघडायला गेला.